जास्तीचे हिरवे ठिपके

“सर, तुमचं मशीन त्या परदेशी मशीनपेक्षा जास्त बघतंय,” दीप्ती म्हणाली, आणि माझ्या भावाचा चेहरा उतरला.

मला कळेचना. ज्या वाक्यासाठी या माणसानं उभा जन्म घालवला ते कुणीतरी शेवटी एकदाचं बोललं, आणि हा असा उभा, जणू घरात गॅस चालू राहिलाय म्हणून कुणी फोन केलाय. मी त्याला कोपरानं ढोसलं. म्हटलं, अरे, हस की जरा. तो हसला नाही. चष्मा काढून त्यानं शर्टाच्या टोकाला पुसला आणि दीप्तीला विचारलं, “जास्त म्हणजे कुणाच्यात जास्त?”

आम्ही मुलुंडच्या एका संशोधन केंद्रात होतो, तिसऱ्या मजल्यावर, एसीनं गोठवलेल्या खोलीत. जेवणाची वेळ होत आली होती. तीन वाजता समिती येणार होती आणि दादाचं यंत्र राज्यातल्या इस्पितळांना द्यायचं की नाही ते ठरवणार होती. दादा म्हणजे डॉ. नंदकुमार परब, माझा थोरला भाऊ. औषधांचा डॉक्टर नव्हे, भौतिकशास्त्राचा. मी शुभा. बँकेतली नोकरी सोडून साकीनाक्याला त्याचा गाळा सांभाळते, म्हणजे कामगारांशी, पुरवठादारांशी आणि त्याच्याशीही भांडते. लग्न केलं नाही, त्यामुळे भांडायला वेळ भरपूर.

यंत्र काय करतं ते त्यानं मला इतक्यांदा सांगितलंय की झोपेत उठवून विचारा. रक्तातल्या पेशी खाऱ्या पाण्यात सोडायच्या. पाण्याबरोबर त्या केसाहून बारीक वाटेनं एकामागून एक निघतात, रेशनच्या रांगेतल्यासारख्या. वाटेत त्यांच्यावर निळा उजेड पडतो. रक्ताच्या कॅन्सरची पेशी असली तर तिला आधीच चिकटवलेला रंग चमकतो आणि पडद्यावर एक हिरवा ठिपका उमटतो. उपचार संपले, माणूस बरा झाला, तरी लाखात एखादी वाईट पेशी कुठेतरी दडून बसलेली असते. तिला हुडकायचं. परदेशी यंत्र हे काम करतं, पण ते परवडणारी ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकी. दादाचं यंत्र तालुक्याच्या इस्पितळातही ठेवता येईल असं होतं. निदान तो तसं म्हणायचा, आणि तो उगाच म्हणणारा माणूस नाही.

त्याआधीची सगळी नोकरी त्यानं एका सरकारी संस्थेत काढली. जीवशास्त्रवाले यायचे, परब, आम्हाला जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली ऊबदार ठेवायचीय. परब, एकाच पेशीला टोचेल अशी सुई हवी. हा बनवून द्यायचा. महिनोन्‌महिने खपायचा. मग त्यांचे शोधनिबंध छापून यायचे, आणि त्यात अगदी शेवटी, मुंगीच्या अक्षरात, तांत्रिक मदतीबद्दल आभार. एकदा बाहेरदेशचे कुणी पाहुणे आले होते, त्याच्या यंत्रापुढे फोटो काढायचा होता. तेव्हा साहेबांनी त्यालाच सांगितलं, परब, जरा बाजूला होता का. हे त्यानं घरी येऊन हसत हसत सांगितलं. मी दोन दिवस त्या साहेबाच्या नावानं बोटं मोडत होते.

निवृत्त झाल्यावर त्यानं हे यंत्र स्वतःचं म्हणून बनवायला घेतलं. कुणाच्या सांगण्यावरून नाही, कुणासाठी नाही. मागच्या बाजूला छोटी पितळी पट्टी आहे, तिच्यावर त्याचं नाव आहे. आणि घाई अशी होती की त्याच्या दोन्ही डोळ्यांत नजरेच्या मधोमध डाग पडत चाललाय. कडेचं दिसतं, मधलं जातं. आतल्या काचा जुळवायचं काम तो नजरेनं करतो. पुढच्या वर्षी ते त्याच्याच्यानं होणार नाही, हे डॉक्टरनं सांगितलं होतं आणि आम्ही दोघांनी कुणाला सांगितलं नव्हतं. म्हणजे काय, तर आज पास झालं तर झालं.

आणि आज ही दीप्ती, केंद्रातली शास्त्रज्ञ, पोर हुशार आणि मनानं स्वच्छ, आनंदानं नुसती फुलून सांगत होती की ज्यांना परदेशी यंत्रानं ‘साफ’ म्हटलंय, त्यांच्यातल्या काही जणांच्या रक्तात दादाच्या यंत्राला हिरवे ठिपके दिसलेत. थोडेच, पण आहेत. आजार परत येण्याच्या कितीतरी आधी आपल्याला कळतंय, असं तिचं म्हणणं. समितीला ती हेच दाखवणार होती. त्यातल्या एका बाईंना तर तिनं आजच बोलावून घेतलं होतं, कमरेच्या हाडातून पुन्हा नमुना काढायला. बाहेर बाकावर बसल्या होत्या त्या.

“नुसतं पाणी सोडून बघता ना रोज?” दादानं विचारलं.

रोज सकाळी बघतो, दीप्ती म्हणाली, एकही ठिपका येत नाही. दादानं मान हलवली, पण त्यानं त्याचं समाधान झालेलं दिसेना. यंत्र पेशीएवढी वस्तू असेल तरच मोजतं, बारीकसारीक धूळ सोडून देतं, ते त्यानंच तसं केलेलं. मग त्यानं विचारलं, पाण्याची बाटली कधी भरता. संपली की, ती म्हणाली. आणि हे ठिपके कुठल्या वेळचे? तिनं संगणकावर काढून दाखवलं. दादा पडद्याला नाक लावून, मान वाकडी करून, कडेनं वाचत राहिला. ज्या ज्या नमुन्यात जास्तीचे हिरवे ठिपके होते, तो प्रत्येक नमुना बाटली नव्यानं भरल्यानंतर लगेच तपासलेला होता.

दीप्तीच्या ते लक्षात आलं नाही. येणार कसं? पाणी गाळूनच बाटलीत भरतात, पाण्यावर संशय जायचं कारणच नाही. दादा तिला म्हणाला, तुम्ही जेवून या, मला यंत्र जरा एकट्याला बघू दे. ती गेली.

“दिवा घालव,” दादा मला म्हणाला.

मी दिवा घालवला. त्यानं यंत्राची मागची झडप उघडली, आतली पाण्याची बाटली बाहेर काढली, तिचं झाकण फिरवून हातात घेतलं. खिशातून निळ्या उजेडाची बॅटरी काढली, ती त्याच्या खिशात असतेच, आणि एक नारिंगी काच माझ्या हातात दिली. म्हणाला, डोळ्यासमोर धर आणि झाकणाच्या आत बघ. मला मधलं नीट दिसत नाही, तू सांग.

मी बघितलं. निळा उजेड काचेनं अडवला होता, सगळं काळं होतं. आणि त्या काळ्यात झाकणाच्या आट्यांमध्ये एक बारीक कडं पेटल्यासारखं चमकत होतं.

“काहीतरी आहे,” मी म्हटलं. “पिवळट हिरवं.”

दादा खाली स्टुलावर बसला. मी दिवा लावला, पर्समधला कागदी रुमाल काढून त्या आट्यांतून फिरवला. रुमालाला पिवळी रेघ उमटली. मी ती नाकाशी नेली. वास यायचीही गरज नव्हती. जन्मभर वरणात घालत आलेली वस्तू, ती मी ओळखणार नाही? हळद होती.

माझं डोकंच फिरलं. खंडेनवमीला आमच्या गाळ्यात हत्यारांची पूजा असते. गुणाजी, आमचा जुना लेथवाला, लेथला झेंडूची माळ घालतो, ड्रिलला हळदकुंकू लावतो, पान्यांना, कानशींना, एसीच्या स्टॅबिलायझरलासुद्धा सोडत नाही. पण आतली खोली, जिथे यंत्र जुळवतात, तिचा उंबरा त्यानं कधी ओलांडायचा नाही असा दादाचा दंडक. तिथे चप्पल नाही, पावडर नाही, अगरबत्ती नाही. दादा या बाबतीत कडवा. आमचे भाऊ, म्हणजे आमचे वडील, कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचे, दसऱ्याला घरादाराला घेऊन साच्याची पूजा करायला जायचे, म्हणायचे, ‘मशीन आसा म्हणान चूल पेटता.’ दादा कॉलेजात गेल्यापासून त्या पूजेला गेला नाही. उजेडाला कुंकू लागत नाही, असं त्यानं भाऊंना तोंडावर सांगितलं होतं. भाऊंनी नुसता नारळ फोडून खोबरं त्याच्या हातावर ठेवलं होतं.

तर मी गुणाजीचा उद्धार सुरू केला. म्हटलं, या म्हाताऱ्याला किती वेळा बजावलं, यंत्र दुसऱ्या दिवशी मुलुंडला जायचं होतं, हा गुपचूप आत शिरला असणार, आता याला उभा…

“मी लावली,” दादा म्हणाला.

मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही.

तो खाली बघतच बोलत होता. खंडेनवमीला संध्याकाळी सगळे प्रसाद घेऊन गेले, मी मागचं शटर ओढायला गेले होते, तेवढ्यात त्यानं गुणाजीच्या ताटातली चिमूटभर हळद आणि कुंकू घेतलं आणि आत गेला. दर्शनी बाजूला लावलं असतं तर कुणीतरी बघितलं असतं, हसलं असतं. म्हणून त्यानं मागची झडप उघडली आणि बाटलीच्या झाकणावर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुसून टाकलं. पण पुसताना कुंकू गेलं आणि हळद आट्यांत उतरली. पुढे जितक्यांदा झाकण फिरलं, तितक्यांदा थोडी थोडी पाण्यात पडत गेली. हळद पाण्यात विरघळत नाही, तो म्हणाला, ती पेशीला जाऊन चिकटते, तिच्या तेलकट सालीत शिरते. आणि निळ्या उजेडात अगदी आपल्या रंगासारखीच चमकते. नुसतं पाणी सोडलं की कण पेशीहून लहान, म्हणून यंत्र मोजत नाही.

“गुणाजी दिसेल असं लावतो,” तो म्हणाला. “मी लपवून लावली. समोर लावली असती तर काही बिघडलं नसतं.”

मला त्याला काय काय म्हणावंसं वाटलं. सगळ्या जगाला शिकवत आलास आणि शेवटी स्वतःच शेण खाल्लंस, हेसुद्धा तोंडावर आलं होतं. पण त्याच्याकडे बघून एवढंच विचारलं, “पण का रे?”

“भीती वाटली गं,” तो म्हणाला. “आजवर दुसऱ्यांची यंत्रं बनवली, तेव्हा कधी नाही वाटली.”

आता मी काय केलं ते सांगते, कुणाला आवडो न आवडो. मी उठले, दाराला आतून कडी घातली आणि त्याच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, हे बघ, वेळ आहे. झाकण गरम पाण्यानं धू. बाटली बदल. पुढचं पाणी साफ जाईल, ठिपके थांबतील, समिती बघून जाईल, पास करेल. उद्या दीप्तीला सांग की कुठेतरी घाण होती, साफ केली. यंत्रात तर खोट नाहीये ना? हळद दिसली, म्हणजे उलट जास्तच चांगलं दिसतंय. खोटं काय आहे त्यात?

तो हातातल्या झाकणाकडे बघत बसला. त्याचं न बोलणं मला लहानपणापासून ठाऊक आहे, भिंतीवर डोकं आपटावं तसं आहे ते. मग मी आणखी खाली उतरले. म्हटलं, बरं, सांगायचंच असेल तर सांग, पण गुणाजीनं लावली म्हण. अडाणी माणूस आहे, पूजा करतो, कोण त्याला फाशी देणार आहे? हसून सोडून देतील. तू लावलीस म्हणालास तर तुझी उरलीसुरली अब्रू जाईल. ते म्हणतील, हा कसला शास्त्रज्ञ, हा तर भटजी.

दादानं वर बघितलं. रागावला नाही. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

“बाहेर बाई बसलीय, शुभा,” तो म्हणाला.

मी म्हटलं, बसू दे. एक सुई टोचतील, उद्या सांगतील काही नाही म्हणून, सुटेल. असं म्हणून मी कडी काढली आणि त्याच्यासाठी पाणी आणायला बाहेर गेले. खरं तर मला त्या खोलीत उभं राहवत नव्हतं.

बाहेर पाण्याच्या यंत्राशेजारीच बाक होता. त्यावर ती बसली होती. नलिनी तिचं नाव, खारदांड्याची, कोळीण. केस आत्ता कुठे बोटभर वाढले होते, डोक्याला रुमाल बांधला होता, पण नाकात नथनी आणि पाठ ताठ. सकाळपासून उपाशी होती, सुईसाठी पोट रिकामं हवं म्हणून. मी पेला भरत होते तर तिनं मला जवळ बोलावलं. मी आतल्या मोठ्या डॉक्टरांच्या घरची आहे, हे तिला कुणी सांगितलं कोण जाणे. म्हणाली, उपचार संपून गेल्या आठवड्यातच टोपली पुन्हा हातात घेतलीय. बाजारात बसायला लागलेय. आज येताना घरी कुणालाच सांगितलं नाही, नवऱ्यालापण नाही. जावेला तेवढं सांगितलं, कारण मासळी कुणीतरी विकायला हवी.

मग तिनं माझं मनगट धरलं. हात थंडगार होता. “ताई, तुम्हाला माहीत असेल. परत आलंय का ते?”

बँकेत मी माणसांना तोंडावर नाही म्हणायला शिकले, गाळ्यात पुरवठादारांना शिव्या घालायला शिकले, पण तेव्हा त्यातलं काहीच कामाला आलं नाही. थांबा जरा, एवढंच म्हणाले. पाण्यानं भरलेला पेला घेऊन आत आले, तो दादाच्या हातात दिला, आणि म्हटलं, “तू बोल काय बोलायचं ते. पण खबरदार, गुणाजीचं नाव घेतलंस तर.”

दादा हसला. त्या दिवसात तेवढाच हसला. जणू गुणाजीवर ढकलायचं त्याच्याच डोक्यात आलं होतं आणि मी त्याला वाचवलं.

समिती तीनच्या आधीच आली. पाटणकर नावाचे अध्यक्ष, पांढरे केस, गोड बोलणं. बरोबर तिघं. दीप्तीनं पडदा लावला होता, पहिल्या चित्रात दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी होती आणि आमच्या यंत्राखाली ‘अधिक संवेदनशील’ असं लिहिलं होतं. पाटणकर ते बघून दादाकडे वळले आणि म्हणाले, परबसाहेब, तुम्ही तर कमाल केलीत. हातातोंडाशी आलेला घास म्हणतात तो हाच, मी मनात म्हटलं, आणि आता हा स्वतःच्या हातानं ताट लाथाडणार.

दादा उभा राहिला. खुर्चीचा हात त्यानं घट्ट धरला होता.

“चित्रं दाखवू नका,” तो दीप्तीला म्हणाला. “ते जास्तीचे ठिपके पेशींचे नाहीत. हळदीचे आहेत. बाटलीच्या झाकणात आहे.”

दीप्ती त्याच्याकडे बघत राहिली, तिला त्याचा अर्थ लागायला वेळ लागला. मग तिनं झाकण उचललं आणि शेजारच्या खोलीत गेली, तिथे तिचा मोठा सूक्ष्मदर्शक होता. आम्ही वाट बघत बसलो. एसीचा आवाज तेवढा येत होता. एक सदस्य फोन बघायला लागला. मला वाटलं, देवा, चुकलेलं निघू दे, दादाच चुकलेला निघू दे. दीप्ती परत आली तेव्हा तिच्या तोंडावरचा सगळा रंग उतरला होता.

“हळदच आहे,” ती म्हणाली.

पाटणकरांनी विचारलं, हळद तिथे गेली कशी? आणि दादानं सांगितलं. आडपडदा न ठेवता, मला सांगितलं तसंच, खंडेनवमीपासून. पूजा मी केली, असं म्हणाला. तुम्ही? भौतिकशास्त्रज्ञ असून? पाटणकरांनी विचारलं. त्यांचा हेतू वाईट नसावा, पण प्रश्न खाली बसला नाही, तसाच खोलीत लोंबकळत राहिला. हो, मी, दादा म्हणाला. तेव्हा तो फोनवाला सदस्य हसला.

“मग आपट्याचं पानही ठेवलं होतं का?” त्यानं विचारलं.

“नाही,” दादा म्हणाला. “घाईत होतो.”

मी खुर्ची मागे सारली. त्या माणसाला मी काय ऐकवणार होते ते तोंडाशी तयार होतं, सव्याज. दादानं माझ्याकडे न बघताच हात आडवा धरला. “गप रव,” तो हळू म्हणाला. घरच्या भाषेत तो फक्त मला गप्प करायलाच बोलतो. मी बसले.

पाटणकर नियम सांगायला लागले. चाचणीच्या काळात यंत्रात बाहेरचं काही गेलं तर सगळीच चाचणी रद्द धरावी लागते, पुन्हा अर्ज, पुढच्या वर्षीची फेरी, वगैरे. दादानं त्यांना मध्येच थांबवलं. मोठ्या माणसाला त्यानं असं मध्येच तोडलेलं मी उभ्या आयुष्यात पाहिलं नव्हतं.

“माझं काय ते सावकाश ठरवा,” तो म्हणाला. “बाहेर बाई बसल्यात. आधी त्यांना सांगा. त्यांना काही झालेलं नाही.”

तो उभाच राहिला. बसा, पाटणकर म्हणाले. तो बसला नाही. मग दीप्ती उठली, नाकडोळे पुसले आणि बाहेर गेली. तिचंही कमी गेलं नव्हतं. जग जिंकल्यासारखी सकाळी उड्या मारत होती, आता स्वतःच्या तोंडानं चुकलं म्हणायला निघाली होती. दार लागल्यावरच दादा खाली बसला. मग समितीनं ठरवलं. पुढच्या वर्षी या, पाटणकर म्हणाले, तुमचा प्रामाणिकपणा आम्ही नोंदवून ठेवू. पुढच्या वर्षी. दादानं मान डोलावली. त्याच्या डोळ्यांचं मी सांगावं का, असं क्षणभर मनात आलं. पण ते सांगायचं असतं तर त्यानंच सांगितलं असतं.

यंत्र उद्या पाठवून देऊ, असं केंद्रवाले म्हणाले. दादा म्हणाला, आजच नेतो. त्यानं तारा काढल्या, आतली पाण्याची वाट धुऊन घेतली, पेटी बंद केली. दोन माणसांनी दोन कड्या धरून उचलायची ती पेटी. शिपाई मदतीला आला तर दादा नको म्हणाला. मग मीच धरली दुसरी बाजू, या वयात, नि या गुडघ्यांनी.

जिन्याच्या तोंडाशी नलिनी उभी होती. मला वाटलं आता ही पाया पडेल, रडेल. कसलं काय. तिनं दादाला गाठलं आणि जे झाडायला सुरुवात केली. तिच्या कोळी बोलीतलं सगळं मला लागलं नाही, पण आशय शंभर टक्के लागला. माणसाला काय खेळणं समजता काय तुम्ही? रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पोरीच्या लग्नाचं बघायला आज माणसं यायची होती, ती काहीतरी सबब सांगून परतवून लावली. पूजा करायची तर देव्हाऱ्यात करा, माणसांच्या रक्तात कशाला करता? जिन्यावरची सगळी माणसं थांबून बघत होती. मी पेटी खाली ठेवून मध्ये पडणार होते, कारण माझ्या भावाला मी काय वाटेल ते बोलेन, दुसऱ्या कुणी बोलायचं नाही. पण दादानं पेटी सोडली नाही आणि मान खाली घातली. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“चुकलं माझं,” तो म्हणाला.

बाई दमली. श्वास घेतला, रुमाल सारखा केला आणि त्याच्याकडे नीट बघितलं. “पण परत आलेलं नाही ना? नक्की?”

“नाही आलेलं, अगदी नक्की,” दादा म्हणाला. “तिथे जे चमकलं ते सगळं माझं होतं.”

तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तशीच उभी राहिली. मग जिना उतरून गेली. भराभरा, सुईसाठी उपाशी राहिलेली बाई उतरेल असं वाटणार नाही इतकी भराभरा. खाली गेल्यावर तिचा फोनवर बोलण्याचा आवाज वरपर्यंत आला, जावेला सांगत होती की संध्याकाळची मासळी मीच विकते.

आम्ही पेटी घेऊन फाटकाशी आलो. रिक्षा बाहेर थांबली होती. माझे हात भरून आले होते आणि मला रडू येत होतं, आणि रडू येतं म्हणून संताप येत होता. इतकी वर्षं, म्हटलं, इतकी वर्षं, आणि शेवटी काय तर हे ओझं परत घरी.

गार्डनं फाटकाचा आडवा दांडा खाली ठेवला होता. पेटीकडे बोट दाखवून त्यानं वही उघडली. बाहेर जाणाऱ्या सामानाची नोंद करावी लागते, तो म्हणाला, सामान कुणाचं आहे ते सांगा. मी सवयीनं गाळ्याचं नाव सांगायला लागले.

“माझं आहे,” दादा म्हणाला. “मी बनवलंय. नंदकुमार दशरथ परब.”

गार्डनं नाव लिहिलं आणि वही पुढे केली. दादानं पेटी खाली ठेवली, पेन घेतलं आणि सही केली, इतकी मोठी की खालच्या दोन ओळी तिच्यात गेल्या. गार्डनं एकदा वहीकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि दांडा वर केला.